संकटकाळीं मनाची प्रसन्नता

आज आपणांशीं ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, तो विषय ऐकावयास सोपा पण आचरावयास फार कठीण आहे. संकटाच्या काळीं मन प्रसन्न कसें ठेवावें, हा तो विषय होय. प्रारंभींच एक गोष्ट कबूल करतों. या विषयावर उपदेश करणाऱ्या माणसाचा दुःखी माणसास बहुधा राग येतो, आणि तो राग अगदींच अनाठायीं असतो असें मला वाटत नाहीं. ज्याच्या घरांत कोणी अंथरुणाला खिळलेलें आहे, ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या मुलाचें शिक्षण पैशावांचून अडलें आहे, त्याला 'मन आनंदी ठेवा म्हणजे सर्व ठीक होईल' असें सांगणें म्हणजे तहानेनें व्याकुळ झालेल्या वाटसरूस नदीचें वर्णन ऐकविण्यासारखेंच आहे.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझी पत्नी दीर्घ दुखण्यानंतर निवर्तली. समाचारास येणारीं माणसें सद्भावनेनेंच येत, आणि जातांना बहुतेक सर्वजण एकच वाक्य बोलून जात, 'मास्तर, धीर सोडूं नका.' मी मान हालवीत असें. परंतु दार लावून घेतल्यावर मनांत येई कीं, धीर ही कांहीं खुंटीवर टांगलेली टोपी नव्हे, कीं हात वर करून काढली आणि डोक्यावर घातली. असे दोनतीन महिने गेले. सकाळचा चहा दुपारीं होई. वर्तमानपत्राची घडी मोडली जात नसे.

एके दिवशीं संध्याकाळीं शेजारच्या बिऱ्हाडांतील एक मुलगा गणिताचें पुस्तक घेऊन दारांत उभा राहिला. परीक्षेंत तो गणितांत नापास झाला होता. मीं त्यास सांगितलें, 'बाळ, माझें चित्त ठिकाणावर नाहीं, दुसऱ्या कोणाकडे जा.' तो गेला. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं तो पुनः आला आणि कांहींएक न बोलतां पायरीवर बसून राहिला. मला त्याची दया आली असें म्हणण्यापेक्षां, त्याला घालवून देण्याचे कष्ट मला नकोसे झाले असें म्हणणें अधिक खरें होईल. मीं त्यास आंत घेतलें आणि अपूर्णांकांचीं उदाहरणें घालावयास प्रारंभ केला.

त्या दिवशीं माझें दुःख तिळभरही कमी झालें नाहीं. परंतु दिवसांतील एक तास ठरून गेला. मुलगा सहा वाजतां येणार म्हणून पांच वाजतां खोली झाडावी लागे. उदाहरणें आधीं सोडवून पाहावयाचीं म्हणून दुपारीं पुस्तक उघडावें लागे. त्या एका तासाच्या आधारानें बाकीचे तास हळूहळू उभे राहिले. मुलगा दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला व त्याची आई पेढे घेऊन आली. मीं तिच्या मुलास शिकविलें असें ती माउली अजून म्हणते. मला त्या मुलाकडून काय मिळालें, हें मीं तिला कधीं सांगितलें नाहीं.

या अनुभवावरून माझें असें मत झालें आहे कीं, आपण क्रम उलटा धरतों. आधीं मन प्रसन्न व्हावें आणि मग कामास हात घालावा, असें आपणांस वाटतें. वस्तुतः दुःखाच्या काळीं मन आपले ऐकत नाहीं. हात मात्र ऐकतात. म्हणून हातांना आधीं कामास लावावें; मन पाठीमागून येतें, आणि पुष्कळ वेळां फार उशिरानें येतें.

हें मत माझ्या एकट्याच्या लहानशा अनुभवावर उभें असतें, तर आपला वेळ घेण्याचें धाडस मीं केलें नसतें. परंतु महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राकडे पाहतां हाच क्रम मला तेथें स्पष्ट दिसतो.

सन १८७५ मधील गोष्ट. दापोलीजवळच्या मुरूड गांवीं वाढलेला हा मुलगा तेव्हां सतरा वर्षांचा होता. मराठी सहावीची सरकारी परीक्षा देण्याकरितां त्याला साताऱ्यास जावयाचें होतें. दिवस पावसाचे. कोंकणांतून सह्याद्रि ओलांडून शंभराहून अधिक मैलांची ती वाट त्यानें पायीं तुडविली. परीक्षेच्या ठिकाणीं पोंचल्यावर तेथील प्रमुखांनीं त्या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिलें, आणि याचें वय सतरा दिसत नाहीं म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. वय खरोखर पुरें होतें. दिसत नव्हतें इतकेंच. शंभर मैल चालत यावें आणि दारांतून परत फिरावें! आपल्यापैकीं निम्म्यांनीं दैवास बोल लावला असता व निम्म्यांनीं अधिकाऱ्यास, आणि दोन्ही प्रकारचे लोक घरीं बसून राहिले असते. हा मुलगा पुढें कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. तो मॅट्रिक झाला १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. आणि १८८४ सालीं गणित घेऊन बी. ए. झाला. मुंबईस शिकत असतां शिकवण्या करून तो पोट भरी, आणि त्या तुटपुंज्या मिळकतींतूनही रुपयास एक पैसा परोपकारासाठीं बाजूस काढून ठेवी.

हा पैसा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याचें स्वतःचेंच भागत नाहीं त्यानें दुसऱ्यासाठीं पैसा काढून ठेवण्यांत व्यवहार कोणता, असें कोणी विचारील. परंतु अडचणींत सांपडलेल्या मनाला सर्वांत मोठी बाधा होते ती 'मजजवळ देण्यासारखें कांहींच उरलें नाहीं' या भावनेची. तो एक पैसा त्या भावनेस रोजच्या रोज खोटें पाडीत असे.

१८९१ सालीं कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले, आणि त्याच वर्षीं त्यांची पत्नी राधाबाई वारली. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. याच पुढें आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूडच्या ग्रामस्थांनीं बहिष्कार घातला. ज्या गांवाच्या मातीवर त्यांचें जन्मभर प्रेम होतें, त्याच गांवांत आप्तांना त्रास होऊं नये म्हणून त्यांना परक्यासारखें वागावें लागलें. यावर त्यांनीं कडवट शब्दांत वाद घातला नाहीं, आणि आपण केलें तें चुकलें असेंही म्हटलें नाहीं. १८९६ सालीं त्यांनीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें शहरांत प्लेगचें थैमान सुरू झालें, आणि १९०० सालीं आश्रम गांवाबाहेर हिंगण्यास, रावबहादूर गोखले यांनीं दिलेल्या जागेंत, एका झोंपडींत नेला.

श्रोतेहो, आज कर्वेनगर म्हणून गजबजलेली वस्ती आपण पाहतों, तेथें त्या वेळीं ओसाड माळ होता. दिवसा कॉलेजांत गणित शिकवावें, आणि तें आटोपल्यावर आश्रमास लागणारें सामानसुमान घेऊन कांट्याकुट्यांच्या व पावसाळ्यांत चिखलाच्या वाटेनें पायीं हिंगणें गांठावें, असा या प्राध्यापकाचा क्रम होता. स्वभावानें ते भिडस्त व अबोल; लोकांपुढें हात पसरणें हें त्यांच्या प्रकृतीस मानवणारें काम नव्हे. तरी वर्गणीसाठीं ते दारोदार हिंडले. अशा माणसास 'आशावादी' म्हणावें कीं नाहीं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उद्यां सर्व चांगलें होईल अशी ग्वाही ते देत हिंडले नाहींत. उद्यां आश्रमांत पीठ पोंचलें पाहिजे, एवढें त्यांना निश्चित ठाऊक होतें. त्या पिठामागून १९०७ सालीं महिला विद्यालय निघालें, १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें, आणि १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्षांची देणगी आली.

येथें मात्र एक गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. एकाची प्रसन्नता पुष्कळदां दुसऱ्याच्या कष्टांवर उभी असते. फर्ग्युसन कॉलेजच्या आजीव सभासदांस त्या काळीं दरमहा ७५ रुपये वेतन असे. त्यांतून संस्थेकडे जाईल तें गेल्यावर घरचा प्रपंच चालविण्याचा भार आनंदीबाईंवर पडे. त्यांनीं नागपुरास जाऊन सुईणीचें शिक्षण घेतलें, आणि आपलें आयुष्य 'माझें पुराण' या पुस्तकांत कोणताही आडपडदा न ठेवतां सांगितलें. संकटांत हंसतमुख राहणाऱ्या कर्त्या पुरुषाचें आपण कौतुक करतों, तेव्हां त्याच घरांत चूल कोणीं पेटती ठेवली, हेंही विचारलें पाहिजे. माझ्या पत्नीनें आपल्या आजारांत मला धीर दिला. मीं तिला काय दिलें, हा प्रश्न मला अद्याप सोडवितां आलेला नाहीं.

आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचेंही उदाहरण असेंच आहे. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, पदरीं मुलगा. त्या हिंगण्यास आल्या, शिकल्या, आणि आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत देशभर फिरल्या. वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या सुमारास, १९१८ सालीं, इंग्रजी शिकण्याच्या हेतूनें या बाई एकट्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून राहिल्या. भाषा येत नाहीं, वय झालेलें, हातीं पैसा नाहीं. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनीं त्या नाकारल्या नाहींत. त्या असतांनाच भांडीं घासलीं.

आतां आपल्या घरापुरता यांतून काय बोध घ्यावयाचा? पहिली गोष्ट, संकट आहे तेवढें मोठें म्हणावें. लहान म्हणून स्वतःस फसवूं नये, आणि रात्रीच्या अंधारांत वाढतें तेवढें मोठेंही म्हणूं नये. शक्य तर कागदावर लिहून काढावें. किती कर्ज, किती हप्ते, वैद्यानें नेमकें काय सांगितलें, असें लिहिलें म्हणजे त्यास कांहीं एक माप येतें. दुसरी गोष्ट, त्यांतील आज करतां येण्याजोगा तुकडा वेगळा काढावा, आणि दिवसांतील एक तरी वेळ ठरवून ती मोडूं नये. तिसरी गोष्ट, कोणाच्या तरी उपयोगीं पडण्याची वाट बंद करूं नये, आणि कोणी आपल्या उपयोगीं पडूं म्हणेल तर त्यास दारांतून परत लावूं नये. मीं त्या मुलास एकदां परत लावलें होतें. तो दुसऱ्यांदा आला हें माझें भाग्य. सर्वच दुसऱ्यांदा येत नाहींत.

आणि इतकें करूनही मन उठतच नसेल, झोंप व अन्न तुटलें असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तें दुखणें समजावें व त्या विषयांतील डॉक्टरांकडे जावें. ताप आल्यावर औषध घेण्यांत कमीपणा नाहीं, तसा यांतही नाहीं. घरच्या माणसांनीं अशा वेळीं उपदेश आवरावा आणि सोबत जावें.

कर्वे यांस १९५८ सालीं, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न हा किताब मिळाला, आणि १९६२ सालीं वयाच्या एकशेंचाराव्या वर्षीं ते निवर्तले. त्यांचें नांव निघालें कीं बहुतेकांस विद्यापीठ आठवतें. मला मात्र साताऱ्याच्या त्या दारांतून परत फिरलेला, भिजलेला मुलगा आठवतो. त्याला त्या दिवशीं पुढचें कांहींच दिसत नव्हतें. घरची वाट तेवढी दिसत होती, आणि ती पुनः शंभर मैलांची होती. तो ती चालूं लागला.

आज आपणांपैकीं जे कोणी अशा एखाद्या दारांतून परत फिरले असतील, त्यांना मी धीर धरा असें म्हणत नाहीं. उद्यां सकाळीं वेळेवर उठून चहा करा, एवढेंच म्हणतों, आणि आपली रजा घेतों.