निनावी तक्रारीचा प्रश्न

(हिंगोली येथील कार्यकर्ता-शिबिरात केलेले भाषण)



निनावी अर्जांची दखल घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्यात वारंवार निघतो. ज्याला सही करण्याचे धैर्य नाही त्याच्या तक्रारीला किंमत कसली, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. निजामी राजवटीशी झुंजलेल्या या भूमीत धैर्याची अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु धैर्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. कायम नोकरीतल्या माणसाने सही केली तर फार तर त्याची बदली होईल. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराने सही केली, तर त्याची पुढच्या हंगामाची चूल विझेल.

राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्या कामांच्या हजेरीपटांवर खोटी नावे चढवल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. हजेरी मांडणारा आणि उद्या कामावर घेणारा एकच असेल, तर मजुराने कोणाच्या भरवशावर सही करावी? आपली लोकशाहीसुद्धा गुप्त मतदानावर उभी आहे. मतदाराला आपण भित्रा म्हणत नाही.

आपल्या प्रबोधनाची परंपराही हेच सांगते. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात शतपत्रे लिहिणाऱ्या गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' हे टोपणनाव घेतले. ते सरकारी नोकरीत होते. उलट, १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' स्वतःच्या नावाने छापले आणि टीकेचा मारा सोसला. दोघांचेही विचार टिकले, ते विचारांच्या बळावर.

मात्र दुसरी बाजू झाकून चालणार नाही. निनावी पत्राने मुलीचे ठरलेले लग्न मोडते. एकट्या राहणाऱ्या बाईची अब्रू चव्हाट्यावर येते. राखीव जागेवर आलेल्या तरुण कर्मचाऱ्यामागे अर्जांचा ससेमिरा लावता येतो, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला उलट प्रश्न विचारायला समोर कोणीच नसते. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असे फर्मावले, त्यामागे असाच अनुभव होता.

मग मार्ग कोणता? नाव नसणे आणि नाव गुप्त राखणे यांत फरक आहे. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ साली महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवला. नाव दिले आणि ते गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते नाव खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. न्यायालयाने तो लुटीसाठी झाल्याचे मानले. परंतु विश्वासाने दिलेले नाव शासनाला जपता आले नाही, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. पुढे २००४ साली गुप्तता राखून तक्रार घेण्याची व्यवस्था झाली. २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, पण त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबवली गेली.

म्हणून आपण आपल्यापुरते तीन दंडक घालून घ्यावेत. हजेरीपट, पावती, मोजमाप अशा तपासता येणाऱ्या गोष्टींची तक्रार निनावी असली तरी तपासावी, कारण तेथे साक्ष कागद देतो. व्यक्तीच्या चारित्र्यावरचा निनावी मजकूर वाचूनही दाखवू नये, मग तो आपल्या विरोधकाविरुद्ध का असेना. आणि ज्याने विश्वासाने नाव सांगितले, त्याचे नाव आपल्या ओठांतून फुटू नये. चहाच्या टपरीवर नाही, तालुक्याच्या बैठकीतही नाही.

यांतला तिसरा दंडक सर्वांत कठीण आहे, कारण तो इतरांसाठी नसून आपल्यासाठी आहे. मजूर सही का करत नाही, असे विचारण्यापूर्वी, सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण त्याच्या दारात उभे होतो काय, हे स्वतःला विचारू या. ज्या गावात संघटना माणसाच्या पाठीशी उभी राहते, तेथे निनावी अर्ज आपोआप कमी होतात.