चिठ्ठी खिशात का येते?

श्रोतेहो, फेब्रुवारी-मार्च आला की दहावी-बारावीच्या परीक्षा येतात आणि त्यांच्यामागोमाग भरारी पथकंही येतात. अमुक केंद्रावर इतकी मुलं कॉपी करताना सापडली, अशी बातमी आपण वाचतो, 'काय ही आजकालची पोरं!' म्हणतो आणि पान उलटतो. आज पान न उलटता जरा थांबू या. चिठ्ठी घेऊन जाणारा मुलगा स्वतःच्या मनाशी काय बोलत असतो, ते पाहू.

पहिली गोष्ट अशी, की तो स्वतःला चोर समजत नाही. शेजाऱ्याच्या शेतातलं कणीस मोडताना त्याचा हात कचरेल. पुढच्या बाकावरच्या मित्राचं गणित उतरवताना कचरत नाही. विचारून पहा. तो म्हणेल, "सगळेच करतात, मी एकट्यानंच का मागं राहावं?" "वर्षभर बीजगणित धड झालंच नाही, मग लिहू काय?" "यात कुणाचं काय गेलं?" आणि उत्तर दाखवणारा तर याला कॉपी म्हणतच नाही. तो मित्राच्या अडचणीला धावून गेलेला असतो. न दाखवणारा मात्र वर्गात 'लई शहाणा' ठरतो. म्हणजे नीती त्यांच्यापाशी आहे बरं का, पण ती मैत्रीच्या बाजूनं उभी आहे.

अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोन अभ्यासकांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची पाहणी केली. १९२८ साली ती प्रसिद्ध झाली. प्रामाणिक मुलं इकडे, लबाड मुलं तिकडे, अशी सरळ वाटणी त्यांना करता आली नाही. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागत होतं. संधी किती, धास्ती किती, वर्गातली रीत काय, यांवर पुष्कळसं अवलंबून होतं. शिक्षक बंधुभगिनींनो, मला तरी ही गोष्ट आशेची वाटते. मुलाचा स्वभाव आपल्या हाती नसेल. वर्गाची रीत आहे.

आता खिडकीबाहेर पाहू. २०१५ साली बिहारच्या वैशाली जिल्ह्यातलं एक छायाचित्र गाजलं. शाळेच्या भिंतीवर माणसं चढलेली, खिडक्यांतून आत चिठ्ठ्या जाताहेत. आपण हसलो. पण आपल्याकडे केंद्राच्या कुंपणाशी घुटमळणारा कोण असतो? थोरला भाऊ, मामा, कधी खुद्द वडील. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. पण घरचं माणूसच चिठ्ठी पुरवतं, तेव्हा मुलाला कायद्याचं कसलं भय?

शाळाही यातून सुटत नाही. २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांचे शाळेच्या हातातले २० गुण बंद होते. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल तेव्हा ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरं. तरीपण त्या २० गुणांची खैरात कशी होत असे, हे मुलांना ठाऊक असतं. गुण मिळवायचे नसतात, कुणीतरी ते मिळवून द्यायचे असतात, असं मूल तिथंच शिकतं.

एक गंमत सांगतो. पूर्वी चिठ्ठी हातानं, बारीक अक्षरात लिहावी लागे. पाच पानांतलं नेमकं काय घ्यायचं, ते ठरवावं लागे. अर्धा अभ्यास तिथंच होई! झेरॉक्सच्या दुकानानं तेवढेही कष्ट काढून घेतले. मग शिक्षकांनी हाच धागा का पकडू नये? घटक चाचणीला सांगा, 'स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान उघडपणे घेऊन या.' आणि प्रश्न असे काढा, की ते नुसतं उतरवून भागणार नाही.

पालकहो, तुम्ही आज रात्री जेवताना मुलाला टक्के किती पडतील, ते विचारू नका. कोणता धडा कळला नाही, ते विचारा. आधी तो 'सगळं येतंय' म्हणेल. पुन्हा विचारा. धड्याचं नाव सांगितलंच, तर रागावू नका, सकाळी गुरुजींना कळवा. जादा तासाला तोच धडा घेता येईल.