पऱ्ह्यांतले खेळाडू



माझें गांव फुलचूर. तें गोंदिया शहराला अगदीं लागून आहे. गोंदिया म्हटलें कीं आपणांपैकीं बहुतेकांना रेल्वेचें जंक्शन आणि भाताच्या गिरण्या आठवतील. आमच्याकडे जुलै महिना म्हणजे रोवणीचा. पाऊस पडूं लागला कीं बांधीच्या एका कोपऱ्यांत धान दाट पेरावयाचें. त्या कोवळ्या रोपांना आम्ही पऱ्हे म्हणतों. तीन-चार आठवड्यांनीं ते उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधींत लावावयाचे. शहाणा शेतकरी लागतील त्याहून थोडे अधिकच पऱ्हे टाकतो. कांहीं पिवळे पडणार, कांहीं कुजणार, हें त्याला ठाऊक असतें.

याच जुलै महिन्यांत, येथून हजारों कोसांवर, अमेरिकेच्या नेव्हाडा प्रांतांतील वाळवंटांत, लास व्हेगास शहरीं निराळ्याच प्रकारचे पऱ्हे उभे असतात. त्यांच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें 1891 सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें शोधून काढला. आम्हां वऱ्हाड-झाडीकडील माणसांना या खेळाविषयीं एक निराळाच जिव्हाळा वाटावा असा योग इतिहासांत आहे. 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉल प्रथमच पदकासाठीं खेळला गेला. आणि त्याच वेळीं, त्याच शहरांत, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनीं आपली कबड्डी जगाला करून दाखविली. म्हणजे हे दोन खेळ तेव्हां एका मांडवांत बसून गेले आहेत.

अमेरिकेंतील या खेळाची मुख्य धंदेवाईक संघटना म्हणजे एनबीए. तिच्यांत तीस संघ आहेत. दरवर्षीं जूनच्या सुमारास नव्या खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्यांत साधारणपणें साठ नांवें पुकारलीं जातात, आणि सरत्या हंगामांत जे संघ दुबळे ठरले त्यांना आधीं निवडण्याची संधि मिळते. परंतु खरा हंगाम सुरू होतो ऑक्टोबरांत. मधल्या मोकळ्या काळांत या नवख्यांना जोखावयाचें कोठें? त्यासाठींच ही समर लीग. लास व्हेगास येथें ती 2004 सालीं अवघ्या सहा संघांनिशीं सुरू झाली. 2018 पासून तिच्यांत सर्व तीस संघ उतरूं लागले. नामांकित खेळाडू येथें सहसा दिसत नाहींत. येथें येतात ते ड्राफ्टमध्यें नुकतेच निवडलेले, एखादें-दुसरें वर्ष झालेले, आणि ज्यांचें नांव कोणींच पुकारलें नाहीं असेहि.

या लीगचा एक नियम मला फार आवडतो. एनबीएच्या नेहमींच्या सामन्यांत सहा फाउल झाले कीं खेळाडूला मैदान सोडावें लागतें. समर लीगमध्यें ती मर्यादा दहा आहे. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांऐवजीं चाळीस मिनिटांचाच असतो. म्हणजे वेळ कमी, पण चुकण्याची मोकळीक अधिक! ज्यानें हा नियम केला त्याला तरुण माणूस कळला होता. नवखा गडी धसमुसळेपणा करणारच. त्याला चार चुका अधिक करूं दिल्या तर पांचव्या वेळीं तो कदाचित् नीट खेळेल. शिवाय प्रत्येक संघाला निदान पांच सामने मिळतात. एका दिवसावर कोणाचें भवितव्य लटकत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, अमेरिकन लोक हें दानधर्म म्हणून करीत असतील काय? मुळींच नाहीं. तिकिटें विकलीं जातात, सामने घरोघर दाखविले जातात. परंतु माणसाची पारख सावकाश करण्यांत त्यांचाच फायदा असतो, आणि तो फायदा साधतांना मुलाला न्यायहि मिळून जातो.

2010 सालचें उदाहरण पाहा. हार्वर्ड विद्यापीठांत शिकलेला जेरेमी लिन नांवाचा एक तरुण ड्राफ्टच्या साठांत बसला नाहीं. डलास संघानें त्याला समर लीगपुरतें बोलाविलें. त्या वर्षीं सर्वांत आधीं निवडला गेलेला जॉन वॉल समोर असतांना शेवटच्या डावांत लिननें असा खेळ केला कीं पाहणारे चकित झाले. त्यावरून गोल्डन स्टेट संघानें त्याच्याशीं करार केला; आणि 2012 च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या संघांतून खेळतांना तो जगभर गाजला. ती पांच सामन्यांची संधि नसती, तर हें नांव आज आपल्या कानांवर कदाचित् आलेंहि नसतें.

पण पऱ्हे हिरवेगार दिसले म्हणजे कोठार भरलें असें होत नाहीं, हेंहि शेतकऱ्याला विचारावें. 2012 सालीं समर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना विभागून मिळाला, डेमियन लिलार्ड आणि जॉश सेल्बी. लिलार्ड पुढें एनबीएच्या सर्वकालीन श्रेष्ठ पंचाहत्तर खेळाडूंच्या यादींत जाऊन बसला. सेल्बी पुढच्याच वर्षीं एनबीएमधून बाहेर पडला. मान एक, महिना एक, मैदान एक. पीक मात्र निरनिराळें.

आपल्या देशाचे पऱ्हेहि त्या बांधींत लागले आहेत. पंजाबांतील बल्लो के या खेड्यांतला शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग, उंची सात फूट दोन इंच, 2015 सालीं डलास संघानें बावन्नाव्या क्रमांकावर निवडला. ड्राफ्टमध्यें निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्याच जुलैमध्यें तो लास व्हेगासला खेळला. परंतु एनबीएच्या मुख्य हंगामांतील एकहि सामना त्याच्या वांट्याला आला नाहीं. पुढें 2021 सालीं पंजाबचाच प्रिन्सपाल सिंग सॅक्रामेंटोच्या समर लीग संघांत होता, आणि त्या वर्षीं तो संघ विजयी ठरला. मुख्य हंगामाचें दार त्यालाहि उघडलें नाहीं. म्हणून हे दोघे फुकट गेले असें मी म्हणणार नाहीं. आपण कोठवर पोंचतों आणि कोठें कमी पडतों, हें त्यांना मैदानावर कळलें; कोणा अधिकाऱ्याच्या तोंडून कळलें नाहीं.

आणि येथेंच मला आमच्याकडील एक गोष्ट आठवते. दिवाळी झाली, धान कापून झालें, कीं आमच्या झाडीपट्टींत मंडईचे दिवस येतात. गांवोगांव दंडार होते, कबड्डीचे सामने लागतात. आमचाहि तो मोकळा हंगामच. असा एक मुलगा या सामन्यांत चमकला आणि मोठ्या संघाच्या निवड-चांचणीला गेला. सकाळभर चालणारी ती चांचणी. प्रत्येकाला दोन चढाया. पहिल्या चढाईंत त्याचा पाय घसरला, दुसरींत तो भीतीनेंच पकडला गेला. दुपारच्या गाडीनें तो परत आला, आणि त्यानंतर त्यानें मैदानावर पाऊल टाकलें नाहीं. तो उत्तम खेळाडू झाला असता असें मी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. माझें दुःख हेंच आहे कीं तें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं.

परिस्थिति पालटत आहे हें मान्य केलें पाहिजे. 2014 सालीं प्रो कबड्डी सुरू झाली, आणि तिच्या संघनिवडींत नव्या तरुण खेळाडूंसाठीं स्वतंत्र वर्ग करण्यांत आला. बास्केटबॉलमध्येंहि 2025 सालीं पंचवीस वर्षांखालील खेळाडूंसाठीं एक धंदेवाईक लीग आपल्या देशांत भरली, आणि तिच्यांत मुंबईचाहि संघ होता. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु लास व्हेगासहून घ्यावयाचें तें दिव्यांचा झगमगाट नव्हे. तो दहा फाउलांचा नियम घ्यावा. त्याला फारसा पैसाहि लागत नाहीं. जिल्ह्याच्या चांचणीला एका सकाळीऐवजीं पांच दिवस द्यावे, दोन चढायांऐवजीं पांच सामने द्यावे, आणि ज्याची निवड झाली नाहीं त्याला कां झाली नाहीं तें जवळ बसवून सांगावें, एवढेंच.

हें केवळ क्रीडांगणापुरतें खरें आहे असेंहि नाहीं. आपल्या घरांत परीक्षेला बसलेलीं, नोकरीच्या पहिल्या महिन्यांत गोंधळलेलीं मुलें आहेतच. त्यांची सहावी चूक आपण मोजतों त्या वेळीं क्षणभर थांबून आठवावें कीं हा अजून जुलै आहे. कापणीला दिवाळीपर्यंत अवकाश आहे.