अशक्त पिलू आणि खुराड्याचा कायदा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. तेथे आम्ही कोंबडीच्या पिलाची गोष्ट घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण आपण चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसे. १९८२ साली जिल्हे दोन झाले, जंगल मात्र एकच राहिले. येथल्या खेड्यात धान घरात येते ते हंगामाला. मोहफूल आणि तेंदूपान यांची मिळकत उन्हाळ्यापुरती. मधल्या दिवसांत तेलमीठ, मुलाची वही, दवाखान्याला जाण्याचे बसभाडे हे पुष्कळदा अंगणातल्या कोंबडीतूनच निघते, आणि हा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातचा असतो. म्हणून पिलू जगणे वा मरणे ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिले निघतात. खरी परीक्षा त्यानंतरची. पहिल्या आठवड्यात पिलाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे ती दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करता येते. आई असली तर ती हे काम पंखाखाली करते. नसली तर दिवा लागतो. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी पडते; चोची उघडून दूर पांगली तर ती जास्त झाली. हे ओळखायला तापमापक लागत नाही.

आता आजारांकडे वळू. कधी पिलाच्या मागे विष्ठा चिकटून वाट बंद होते. ती कोमट पाण्याने भिजवून हलकेच सोडवावी, ओढू नये. कधी गुळगुळीत जमिनीवर पाय दोन्हीकडे फाकतात. अशा वेळी मऊ कापडाची पट्टी दोन पायांत बेताचे अंतर ठेवून बांधली आणि खाली धानाचे तूस पसरले, तर काही दिवसांत पिलू उभे राहते. मात्र हा उपाय पहिल्या दिवसांतच करावा. बोटे आत वळत असतील तर बहुधा ब-२ जीवनसत्त्वाची उणीव असते. तेथे चांगल्या खाद्याला हिरव्या पाल्याची जोड द्यावी. जन्मतः वाकडी असलेली चोच मात्र सरळ होत नाही. त्या पिलाला खोल भांड्यात ओलसर खाद्य द्यावे, म्हणजे ते निभावते.

येथवर सारे सोपे. अवघड भाग आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. गडचिरोलीकडच्या एका खेड्यात आम्ही काही वर्षे होतो. कोंबडी खोक्यात बसवली आणि खाली वर्तमानपत्र अंथरले. व्हायचे तेच झाले. एका पिलाचे पाय फाकले. आम्ही ते स्वयंपाकघरात तीन आठवडे जपले. कणी भरवली, उधई आणून दिली. पिलू टुणटुणीत झाले. मोठ्या अभिमानाने आम्ही ते अंगणात सोडले. ज्या आईने त्याला उबवले होते, तिनेच पहिली टोच मारली! संध्याकाळपर्यंत त्याचे डोके रक्ताने माखले. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गुरुजी, पिलाले लपवून नोका ठेवू. सोबत्याइले ते दिसू द्या."

आजींनी एका वाक्यात सांगितले ते शास्त्रालाही मान्य आहे. शेल्डरुप-एबे नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकाने कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२२ च्या सुमारास दाखवून दिले की, प्रत्येक खुराड्यात टोचण्याचा एक क्रम असतो. कोणी कोणाला टोचायचे, हे ठरलेले असते, आणि ते ठरले म्हणजे भांडणे कमी होतात. जो काही दिवस दृष्टीआड झाला, त्याची त्या क्रमातली जागा जाते. तो परतला की परका. कोंबडीच्या ठायी दुष्टावा नाही. तिला ओळख पटत नाही, इतकेच.

म्हणून दुबळे पिलू वेगळे ठेवावे, पण परके करू नये. खुराड्यातच बांबूची ताटी उभी करून तिच्याआड ते ठेवावे. सर्वांनी एकमेकांना आठवडाभर पाहावे, मग ताटी काढावी. एकट्याला सोडण्यापेक्षा सोबत आणखी एक पिलू द्यावे, आणि दिवस मावळताना, कोंबड्या आड्यावर बसल्या की सोडावे. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडावी, म्हणजे दांडगीला सगळी अडवता येत नाहीत. टोचाटोची वाढली तर जागा कमी आहे काय, उकाडा आहे काय, खाद्यात प्रथिने वा मीठ कमी आहे काय, अंगात उवा आहेत काय, हे आधी पाहावे. रक्त दिसले की बाकीच्याही धावतात. म्हणून जखम ताबडतोब धुऊन झाकावी. आणि एक कोंबडीच छळत असेल, तर मार खाणारीला हलवू नये. छळणारीला चार दिवस बाहेर ठेवावे. परतल्यावर तिचा तोरा उतरलेला असतो.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो विसरला तर घात होतो. मान वाकडी, हिरवट पातळ हगवण, श्वासाला घरघर, अशी लक्षणे दिसली तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. तेथे ताटी उपयोगाची नाही; ती कोंबडी पूर्ण दूर न्यावी, तिचे भांडे वेगळे करावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. या रोगावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यातच डोळ्यात वा नाकात थेंब टाकतात. पुढे दुसरी मात्रा द्यावी लागते. अडचण एवढीच की, एका कुपीत शंभर आणि त्याहून अधिक पक्ष्यांची लस असते, ती थंड ठेवावी लागते आणि मिसळल्यावर थोड्या तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला एकट्याने हे परवडत नाही. पण साऱ्या टोल्याने एका सकाळी आपापली डालगी एकत्र आणली, तर एका कुपीत काम भागते. सहकार म्हणतात तो याहून निराळा नव्हे.

जाता जाता कोंबडबाजाराविषयी बोलणे प्राप्त आहे. पायाला काती बांधून कोंबडे झुंजवणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कोंबड्या आपसांत टोचतात त्या जागेसाठी, आणि जागा ठरली की थांबतात. काती मात्र माणूस बांधतो, आणि घरच्या बाईने वाढवलेला कोंबडा पैजेवर घालवतो. खुराड्याचा कायदा कठोर खरा. पण त्याला थांबणे माहीत आहे.

आमचे ते पिलू ताटीआड आठ दिवस राहिले आणि मग अंगणात वावरू लागले. शेवटपर्यंत ते रांगेत खालीच होते. पण रांगेत होते.