दंतरोपण आणि त्याभोवतीचे हाड
(रोहिणखेड येथील सभेत केलेले भाषण)



सवलतीच्या दरात दंतरोपणाची, म्हणजे ज्याला आपण सारे ‘इम्प्लांट’ म्हणतो त्याची, सोय आपल्या रुग्णालयात सुरू करावी, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. त्यास माझा पाठिंबा आहे. मात्र एका अटीवर.

स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवर प्रयोग करताना आढळले, की हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव होते. १९६५ मध्ये त्यांनी याच तत्त्वावर एका रुग्णाच्या जबड्यात रोपणे बसविली. टायटॅनियमला कीड लागत नाही. त्यामुळे एकदा रोपण केले की जन्माची काळजी मिटली, असा समज पसरला आहे. परंतु त्या धातूला धरून ठेवणारे हाड सजीव असते, आणि ते झिजते.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे शिरून घट्ट रुजलेले असतात. रोपणाभोवती ते शिरत नाहीत, नुसते लगटून राहतात. साहजिकच तेथे जंतूंचा थर साचला, तर दाह हाडापर्यंत लवकर उतरतो. सुरुवातीस केवळ हिरडी सुजते, घासताना रक्त येते. या टप्प्यावर स्वच्छतेने सारे पूर्ववत होऊ शकते. एकदा हाड गेले, की ते आपोआप भरून येत नाही. आणि हे सर्व बहुधा वेदनेविना घडते!

पहिल्या वर्षातील थोडी झीज पूर्वीपासून गृहीत धरली जाते. त्यानंतर ती दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी, असा निकष आल्ब्रेक्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडला. इतकी सूक्ष्म झीज आरशात दिसत नाही. ती जुन्या व नव्या क्ष-किरण चित्रांची तुलना करूनच कळते.

येथे मला माझीच चूक सांगावयाची आहे. एका शेतकरी गृहस्थांना मी दोन रोपणे बसविली. पुढे ते फिरकले नाहीत, आणि त्रास नसेल म्हणून येत नसतील, असे मीही धरून चाललो. सहा वर्षांनी ते आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दुखत काहीच नाही, पण तोंडाला वास येतो.” एका रोपणाभोवतीचे निम्म्याहून अधिक हाड गेलेले होते. पहिल्या दिवसाचे चित्र ना त्यांच्याजवळ होते, ना माझ्या दप्तरात सापडले. झीज केव्हा सुरू झाली, हे सांगता आले नाही. ते रोपण काढावे लागले. त्यांच्या हिरड्यांचा आजार जुनाच होता. त्यावर आधी पुरेसे उपचार करावयास हवे होते, ते मी केले नाहीत.

हिरड्यांचा जुना आजार, अस्वच्छता आणि नियमित तपासणीचा अभाव, ही हाड जाण्याची सर्वांत सबळ कारणे मानली जातात. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांचाही धोका सांगितला जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले, त्यातील बहुतेक चघळण्याच्या वा मिश्रीच्या रूपात. हिरड्यांची स्थिती काय असेल, याची कल्पना यावरून यावी.

म्हणून माझी अट अशी. रोपणाचा प्रकार, लांबी व व्यास नोंदविलेले कार्ड आणि पहिल्या दिवसाचे क्ष-किरण चित्र रुग्णाच्या हाती द्यावे, प्रत रुग्णालयाने ठेवावी. वर्षातून एकदा तपासणीस बोलवावे, तेही पेरणी किंवा कपाशी-सोयाबीनच्या हंगामात नव्हे. त्या दिवसांत कोणी येणार नाही. आणि पुढील दहा वर्षांच्या तपासणीचा खर्च रोपणाच्या दिवशीच वेगळा काढावा. त्यापायी वर्षाला वीसऐवजी बाराच रुग्ण घेता आले, तरी मला चालेल.

प्रस्तावाच्या मसुद्यात या खर्चाचा उल्लेख नाही. तो आजच्या सभेतच जोडावा, अशी मंडळास विनंती करून मी आपली रजा घेतो.