साठी बुद्धी नाठी म्हणण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



चतुर्थीला चाकरमानी गावी आला की वर्षभर टेलिफोनवर न कळलेल्या पुष्कळ गोष्टी त्याला पहिल्या तासातच कळतात. काही वर्षांपूर्वी मी असाच मालवण तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी गेलो होतो. आत्या खळ्यात बसली होती. ‘‘कधी इलंस?’’ तिने विचारले. ‘‘आताच,’’ मी म्हणालो. चहा होईपर्यंत तिने तोच प्रश्न आणखी तीनदा विचारला. दुसऱ्या दिवशी काळ्या वाटाण्यांच्या उसळीत मीठ दोनदा पडले. सगळे हसले. मी व्यवसायाने डॉक्टर, पण मीही हसलो आणि म्हणालो, ‘‘आत्याचं आता वय झालं.’’ टॉनिकची एक बाटली ठेवून मी परतलो. पुढे दोन वर्षांनी बाजारातून येताना ती घरची वाट चुकली, तेव्हा कुठे तिची रीतसर तपासणी झाली. मधली दोन वर्षे माझ्या त्या एका वाक्याने वाया गेली. आजचे बोलणे त्या वाक्याबद्दलच आहे.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. वयाबरोबर थोडे विसरायला होते, हे खरे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण थोड्या वेळाने आठवते. चष्मा कशासाठी असतो हेच समजेनासे झाले तर मात्र ते वय नव्हे, तो आजार आहे. हा फरक विज्ञानाला कळला त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिणेही जमेना. १९०६ मध्ये ती वारली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर अलॉईस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेल्या गाठी, आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी हे निष्कर्ष एका सभेत मांडले, तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९१० मध्ये त्या आजाराला त्यांचेच नाव मिळाले.

बाहेरच्या गाठी असतात ‘अमायलॉइड’ नावाच्या प्रथिनाच्या. आतला गुंता असतो ‘टाऊ’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा. मेंदूच्या प्रत्येक पेशीत सामान वाहून नेणारे बारीक रूळ असतात. ते रूळ जागेवर धरून ठेवणारे स्लीपर म्हणजे टाऊ. हे स्लीपर निखळून एकमेकांत गुंतले की रूळ विस्कटतात, पेशीची वाहतूक थांबते आणि पेशी मरते.

याची सुरुवात बहुधा कानाच्या वर, मेंदूच्या आतल्या बाजूला होते. तिथल्या एका भागाला म्हणतात हिप्पोकॅम्पस. ग्रीक भाषेत याचा अर्थ समुद्रघोडा. आपल्या रापणकरांच्या जाळ्यात कधीमधी सापडतो, तोच. आकार तसा, म्हणून नाव तसे. नवी आठवण पक्की होते ती इथे. म्हणून मी कधी आलो ते आत्याला आठवेना, पण माझ्या बारशाला कोण कोण जेवायला होते ते ती बिनचूक सांगे. आणि घरचे म्हणत, ‘‘हिला जुनं सगळं आठवतं, हिला काय झालंय!’’

विसर दिसू लागतो त्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून मेंदूत हे बदल सुरू झालेले असतात. म्हणजे सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची पेरणी पन्नाशीत होते. पूर्वी हे मृत्यूनंतरच पाहता येई. बंगळूरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे. कुटुंबीयांनी दान केलेले मेंदू तिथे अभ्यासासाठी जपले जातात. आता विशेष स्कॅनने जिवंत माणसाच्या मेंदूतल्या गाठी दिसतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यासाठीच्या पहिल्या रक्तचाचणीलाही मान्यता दिली.

मेंदूत गाठी झाल्या की आजार दिसलाच पाहिजे, असेही नाही. अमेरिकेत ६७८ जोगिणींचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यांतल्या काहींच्या मेंदूत मरणोत्तर भरपूर गाठी सापडल्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. हैदराबादच्या निझाम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ रुग्ण तपासले. २०१३ मध्ये त्यांनी लिहिले की दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा आला, आणि निरक्षर माणसांतही हा फरक दिसला. वापरात असलेला मेंदू काही काळ आडवाट काढून काम भागवतो, असे संशोधक मानतात.

पण ही हमी नव्हे. आपल्या दारातून जाणाऱ्या कोकण रेल्वेचा ज्यांनी रेल्वेमंत्री असताना पाठपुरावा केला, ते जॉर्ज फर्नांडिस कितीतरी भाषा अस्खलित बोलत. त्यांनाही अल्झायमरने गाठले. २९ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, त्याआधीची कित्येक वर्षे ते सार्वजनिक जीवनातून दूर होते. इतक्या कर्तबगार माणसाला होऊ शकते, तर ते आपल्या घरात झाले म्हणून लाजायचे कारण नाही.

देशात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे एकूण सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरापेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त. आता आपला जिल्हा पाहा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसे होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. तरुण मुंबईला, म्हातारी घरात. मुलगा रविवारी फोन करतो. आई म्हणते, ‘‘माका काय झाला नाय, बरी आसंय.’’ चार ठरलेली वाक्ये फोनवर कोणालाही निभावता येतात. आजार त्यांच्या आड लपतो.

मग करायचे काय? पहिले, तपासणी. प्रत्येक विसराळूपणा अल्झायमर नसतो. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मनाची उदासी, चुकीची औषधे, पडल्यामुळे डोक्यात साचलेले रक्त यांनीही माणूस असाच वागतो, आणि यांतले बरेचसे बरे होऊ शकते. आपल्याकडे कोणी ‘बाधा’ म्हणतो, देवाला कौल लावतो. जरूर लावा. पण त्याच आठवड्यात रक्तही तपासा.

दुसरे, पन्नाशीतली काळजी. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये चौदा धोके सांगितले. ते सगळे टाळता आले तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा तिचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, दारू, बसून राहणे, हे त्यांत आहेतच. पण कमी ऐकू येणे, डोळ्यांना कमी दिसणे आणि एकटेपणा हेही आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि कानाचे यंत्र हा मेंदूचाही उपचार आहे, हे ध्यानात ठेवा.

तिसरे, औषध. आज आजार मागे फिरवणारे औषध नाही. ‘लेकॅनेमॅब’ हे नवे औषध अमायलॉइडच्या गाठी काढते. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. पण ते केवळ सुरुवातीच्या टप्प्यातच चालते, आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणजे नव्या औषधाची आशा धरायची तरी निदान लवकरच हवे.

निदान झाल्यावर आत्याचा आजार गेला नाही. बदललो ते आम्ही. ‘‘किती वेळा सांगू?’’ हे वाक्य घरातून गेले. तिच्या गळ्यातल्या साखळीत आतेभावाचा फोन नंबर आला. गॅसची शेगडी दुसऱ्या कोणी पेटवायची आणि नारळ मात्र तिनेच खवायचा, असे ठरले. नारळ खवणे तिचे हात विसरले नव्हते. शेजारणींनी पाळीपाळीने येऊन बसायचे कबूल केले. पुढची सहा वर्षे ती तिच्याच घरात राहिली, आणि आमच्यावर खेकसणेही खूप कमी झाले, कारण आम्ही तिच्यावर खेकसणे थांबवले होते.

तेव्हा येत्या चतुर्थीला गावी आलात की आरतीच्या धामधुमीतून अर्धा तास काढा. आई, आजी, काका, आत्या यांच्याजवळ नुसते बसा. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो का, रोजचा पदार्थ बिघडतो का, पैशांचा हिशेब चुकतो का, ते पाहा. तसे दिसले तर हसून सोडू नका, रागावूही नका. परतीचे तिकीट चार दिवस पुढे ढकला आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. मी ते केले नव्हते.