जुनं गाणं, नवं गाणं आणि आपला कान

‘गाणी असावीत तर जुनीच’ असं म्हणणाऱ्यांना या आकाशवाणीचाच एक जुना किस्सा सांगायला हवा. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतं इथून जवळजवळ हद्दपार झाली. ती उथळ आहेत, पाश्चात्त्य वळणाची आहेत, असं या मराठी मंत्र्यांचं मत होतं. श्रोत्यांनी निमूटपणे काटा रेडिओ सिलोनकडे वळवला, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून ती गाणी परत आणावी लागली. म्हणजे ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्यात त्या वेळच्या काही जाणत्यांना ऱ्हासच दिसत होता. शिवाय ती गाणी आपल्याकडे आलीत सत्तर वर्षांच्या चाळणीतून. तेव्हाही यमकं जुळवून उरकलेली गाणी ढिगानं होती. ती गळून गेली. आजचं पीक मात्र आपण कोंड्यासकट ऐकतो, आणि वर नावं ठेवतो.

मग फरक काहीच नाही? आहे, आणि मला तो ध्वनिमुद्रणाच्या रीतीत दिसतो. १९४९ च्या ‘महल’मधलं, खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेलं ‘आएगा आनेवाला’ घ्या. आवाज दुरून येतोय असं वाटायला हवं होतं, म्हणून लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या. गायिका आणि वादक एका वेळी, एका खोलीत. एखादा वादक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. साहजिकच प्रत्येकाचा कान गायिकेच्या श्वासाकडे. ती ओळीच्या शेवटी जराशी रेंगाळली, तर साथही रेंगाळणार. आज तबला एका दिवशी मुद्रित होतो, गिटार दुसऱ्या, आवाज तिसऱ्याच शहरात, आणि सगळे कानातल्या यांत्रिक ठोक्याला बांधलेले. सूर हलला तर संगणक तो सरळ करतो. जुन्या गाण्यातला ओलावा आपण म्हणतो, त्यातला बराचसा त्या एकत्र बसण्याचा आहे.

‘पण चालीचं काय?’ असं कुणी विचारेल. आजच्या पुष्कळ गाण्यांची चाल चार-पाच सुरांतच घुटमळते, हे मान्य. मात्र तिथे गाणं पेलतात ते ठेका आणि नादाचा पोत. चालीच्याच फूटपट्टीनं ते मोजलं तर हाती काही लागायचं नाही. आणि एकत्र वाजवणं संपलंय असंही नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंद बसवून मुद्रण केलं. आज रात्री ही दोन्ही लावून पाहा. ‘महल’च्या गाण्यात शब्द सोडून द्या आणि आवाज केव्हा जवळ येतो तेवढं ऐका. मग ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ लावा, गायकाला बाजूला ठेवा, आणि मागची व्हायोलिनं कुठे श्वास घेतात ते शोधा.